आधी पोट, मग हात

उभ्या माणसाने हात झटकन वर उचलला, की खांद्याच्या स्नायूआधीच पोटाचा खोलवरचा आडवा स्नायू जागा होतो. कंबरदुखीच्या रुग्णांत त्यास विलंब होतो, असे हॉजेस व रिचर्डसन यांनी १९९६ साली दाखविले. त्यावरून आपण व्यावसायिक सरसकट ‘पोट आत ओढून धरा’ सांगू लागलो. मीही सांगितले. परवा त्यातल्याच एक गृहिणी आल्या. पोट आवळून, श्वास कोंडून उभ्या! दोरीवर कपडे वाळत घालणे त्यांनी भीतीने सोडले होते. जे कार्य मज्जासंस्था न सांगता करते, ते हुकुमावर करविण्याचा अट्टहास कशासाठी? शिवाय विलंब हे दुखण्याचे कारण की परिणाम, याचा निवाडा त्या प्रयोगाने होत नाही. पोटाचे नावही न काढता मी त्यांना केवळ हात वर-खाली करावयास लावले. दहाव्या खेपेस श्वास मोकळा झाला.