डेल्टॉइडच्या आडचा स्नायू

जैनाबादच्या शिवारात केळीची कापणी सुरू झाली, की घड खांद्यावर घेतलेले मजूर दिसतात. खांद्याचा तो गोल उभार म्हणजे डेल्टॉइड. कौतुक त्याचेच होते. त्याच्या आड सुप्रास्पायनेटस हा लहानसा स्नायू आहे. खांद्याच्या फऱ्यावरून निघून, हाडाच्या कमानीखालून तो दंडाच्या हाडाला चिकटतो. हात बाजूला उचलताना दंडाचा गोळा उथळ वाटीत धरून ठेवायला तो मदत करतो. त्या अरुंद वाटेत त्याची कंडरा झिजते. मग त्या कुशीवर झोपवत नाही, वेणी घालताना कळ येते. आपण ‘वात’ म्हणून तेल चोळतो! झीज असेल तर योग्य व्यायामाने बहुतेकांना आराम पडतो. पण पडल्यावर हात अचानक उचलेनासा झाला, तर हाडांच्या डॉक्टरांना लगेच दाखवावे. तुटलेली कंडरा चोळून जुळत नाही.