मुक्या जनावरांसाठी क्ष-किरण व सोनोग्राफी : सोय हवी, दक्षताही हवी

घोड्याच्या तळपायात खिळा रुतला की धनी पहिल्याने काय करतो? पक्कड आणून तो उपटतो, भोकात हळद-तेल घालतो आणि दुसऱ्या दिवशी घोडा पुन्हा कामाला लावतो. त्याची माया खरी असते. परंतु खिळा निघताच तो कोणत्या दिशेने व किती खोल गेला होता, याचा पुरावाही निघून जातो. खुराच्या मागील भागात एक लहान हाड, त्यावरून जाणारी बळकट शीर आणि सांध्याची पिशवी असते. खिळा तेथवर पोहोचला असेल तर वरून बुजलेल्या जखमेखाली पू साठतो व जनावर कायमचे लंगडे होते. खिळा जागेवर असतानाच क्ष-किरणांचे छायाचित्र घेतले, तर पशुवैद्यास त्याची वाट स्पष्ट दिसते.

म्हणून दवाखाना त्याच दिवशी गाठता येण्याजोगा असेल तर खिळा उपटू नये. त्याचे डोके जमिनीला टेकणार नाही अशी चिंध्यांची जाड गादी खुराभोवती बांधावी, घोडा चालवू नये, वाहनातून न्यावा. दवाखाना दूरच असेल तर पशुवैद्यास दूरध्वनीवर विचारावे. खिळा काढणे भागच पडले, तर आधी मोबाईलवर त्याचे छायाचित्र घ्यावे, शिरल्या जागी खूण करावी आणि खिळा फेकून न देता बरोबर न्यावा. धनुर्वाताचा धोका घोड्याला इतर जनावरांहून अधिक असतो. त्याची लस चुकवू नये. छायाचित्रापूर्वी नाल काढून खूर स्वच्छ धुवावा लागतो, कारण चिखलातील खड्याची सावलीसुद्धा हाडाच्या दोषासारखी दिसते. हे काम गावच्या नालबंदाने आधीच करून दिले, तर पशुवैद्याचा अर्धा वेळ वाचतो.

बीड जिल्ह्यात घोड्या-कुत्र्यांसाठी अशी यंत्रे कशाला हवीत, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. गाई-म्हशींनाच वेळेवर औषध मिळत नाही, तेथे हे चोचले कशासाठी? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. मेंढरांमागे सगळा संसार पाठीवर वाहणारे तट्टू हे चोचल्याचे जनावर नव्हे. वरातीच्या घोडीवर एखाद्या कुटुंबाची लग्नसराईची कमाई अवलंबून असते. वाड्याभोवती रात्र जागविणारा कुत्रा मोडला, तर लांडग्याने उचललेल्या कोकरांच्या रूपाने त्याची किंमत मोजावी लागते. शिवाय कुत्र्यासाठी आणलेले क्ष-किरण यंत्र वासराच्या मोडलेल्या पायापुढे बंद पडत नाही.

हे शास्त्र नवे नाही. राँटगेन यांना 1895 साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षी युरोपात घोड्याच्या पायाची छायाचित्रे घेतली गेली. मराठवाड्यात परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय 1972 पासून आहे. मात्र परभणी जिल्ह्याच्या पूर्वेला, तर आष्टी-पाटोदा पश्चिम टोकाला. मोडक्या पायाचे तट्टू सगळा जिल्हा ओलांडून न्यायचे म्हणजे वाहनाचे भाडेच त्याच्या किमतीशी भिडते. परळी येथे शासकीय पशुवैद्यक महाविद्यालयास 2025 साली मंत्रिमंडळाने मान्यता दिली, ही आनंदाची गोष्ट खरी. पण परळीही पूर्वेकडेच आहे. तेव्हा पश्चिमेकडील एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी निदान एक साधे क्ष-किरण यंत्र असावयास हवे. फार मोठ्या यंत्राचा हट्ट नको. लहान यंत्राने घोड्याचा गुडघ्याखालचा पाय उत्तम दिसतो. कंबरेच्या जाड मांसातून त्याचे किरण पलीकडे जात नाहीत, आणि तसे रुग्ण महाविद्यालयाकडेच धाडावे लागतील. छायाचित्र घेताना जनावर धरावयास गरोदर स्त्री किंवा मूल कधीही उभे करू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कुत्र्याचा जबडा लोंबला, लाळ गळू लागली, की घशात हाड अडकले असे समजून लोक तोंडात हात घालतात. ते पिसाळण्याचे लक्षण असू शकते. पिसाळीचे निदान कोणत्याही क्ष-किरणाने होत नाही. अशा कुत्र्यास बंदिस्त करून पशुवैद्यास कळवावे आणि हात घालणाऱ्याने जखम नसली तरी साबण व वाहत्या पाण्याने हात धुऊन तत्काळ मानवी दवाखाना गाठावा. मांजराच्या तोंडातून दोरा लोंबताना दिसला तरी तो ओढू नये. दुसऱ्या टोकाला सुई असते, ती आतडे चिरते.

क्ष-किरणांनाही मर्यादा आहे. बाभळीचा काटा त्यांत सहसा दिसत नाही. तो मांसात कोठे लपला आहे, शीर किती फाटली आहे, कुत्रीच्या गर्भाशयात पिले आहेत की पू, हे ध्वनिलहरींचे सोनोग्राफी यंत्र दाखविते. कुत्रीच्या पिलांची धडधड साधारण पंचविसाव्या दिवसानंतर त्यात दिसते. क्ष-किरणांत पिलांची हाडे दिसावयास पंचेचाळीस दिवस थांबावे लागते.

आणि येथेच बीड जिल्ह्याने थबकावे, हे योग्य आहे. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे केवळ 807 मुली होत्या; राज्याचा आकडा 894 होता. गर्भलिंगनिदानास 1994 च्या कायद्याने बंदी आहे. परंतु कुत्रीचे पोट पाहणारे यंत्र स्त्रीचे पोटही पाहू शकते, यंत्राला तो भेद कळत नाही. या भयापायी सोनोग्राफी पशुवैद्यकाच्या दारातूनच परत पाठवावी, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांची भीती खोटी नाही, उपाय तेवढा चुकीचा आहे. यंत्र पिशवीत घालून गावोगाव फिरविण्याऐवजी दवाखान्यात एका जागी पक्के बसवावे. कुलूप पशुवैद्याच्या ताब्यात असावे. प्रत्येक तपासणीची नोंद मालकाचे नाव, गाव व जनावराच्या वर्णनासह त्याच दिवशी व्हावी आणि यंत्रात साठलेल्या चित्रांशी ती वेळोवेळी ताडून पाहिली जावी. तट्टूचा मालक यामुळे चार मैल अधिक चालेल. त्याची ही गैरसोय खरी आहे, आणि या जिल्ह्यात ती सोसावीच लागेल. क्ष-किरण यंत्राला मात्र या अडचणीत अडकवून ठेवण्याचे काही कारण नाही. ते आधी यावे.