पडद्यावरचा खेळ, मनावरचा संस्कार

मुलांच्या हाती संगणकीय खेळ आले, तेव्हा पालकांची चिंता डोळे आणि अभ्यास यांपुरतीच मर्यादित राहिली. हे खेळ कोणता विचार मनात रुजवतात, हा प्रश्न घरोघरी क्वचितच विचारला गेला. जगाने मात्र या माध्यमाची शक्ती केव्हाच ओळखली होती. अमेरिकी लष्कराने ४ जुलै २००२ रोजी, आपल्या स्वातंत्र्यदिनी, 'अमेरिकाज आर्मी' हा खेळ विनामूल्य उपलब्ध करून दिला. तरुणांना सैन्यभरतीकडे वळवणे हा त्याचा उघड हेतू होता. २००३ साली लेबनॉनमधील हिजबुल्लाने 'स्पेशल फोर्स' आणला. त्यात नेमबाजीच्या सरावासाठी इस्रायली नेत्यांची चित्रे लक्ष्य म्हणून ठेवलेली होती. त्याच वर्षी उरुग्वेचे गोन्झालो फ्रास्का यांनी 'सप्टेंबर १२' रचला. त्यात दहशतवाद्यावर क्षेपणास्त्र सोडले की निरपराध माणसेही मरतात, त्यांचे शोकाकुल आप्त दहशतवादी बनतात आणि खेळणाऱ्याला विजय असा मिळतच नाही.

या तिघांत प्रचार सर्वांत प्रभावी कोणाचा? 'स्पेशल फोर्स'चा आवाज सर्वांत मोठा. परंतु उघड घोषणा ओळखता येते आणि नाकारताही येते. 'अमेरिकाज आर्मी'ची रचना अधिक चतुर होती. दोन गट एकमेकांशी लढत. पण प्रत्येकाला आपला गट अमेरिकी सैनिकांचा आणि समोरचा शत्रूचा दिसे. शत्रूची बाजू घेण्याची सोयच नव्हती. दहशतवादाने पोळलेल्या भारतीयाला 'सप्टेंबर १२'चा निष्कर्ष मान्य होणार नाही, कारण दहशतवादाची मुळे केवळ प्रत्याघातात नसतात. तरीही तो निष्कर्ष खेळणाऱ्याच्या स्वतःच्या हातून घडवून आणला जातो, हे त्याचे सामर्थ्य आहे. ऐकलेले मनुष्य विसरतो, केलेले विसरत नाही.

आपल्या परंपरेला हे तत्त्व नवीन नाही. कबड्डीत बाद झालेला गडी सोबत्याच्या पराक्रमाने पुन्हा मैदानात येतो. संघभावनेवर व्याख्यान न देता तो एक नियम तिचा संस्कार करतो. शाखेच्या मैदानावर खेळांना मानाचे स्थान मिळाले ते याच जाणिवेतून.

२०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा खेळ जगापुढे ठेवला. भावाच्या सुटकेसाठी असुरांशी झुंजणारी मुलगी त्याची नायिका, तर दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगणारे. असे प्रयत्न वाढले पाहिजेत. मात्र पडद्यावर मंदिर आणि त्रिशूळ दिसले म्हणजे भारतीय संस्कार झाला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. खेळात गुण कशाला मिळतात, शरणागताशी कसे वागता येते, सोबत्याला मागे टाकून जिंकता येते का, यावरून त्याची संस्कृती ठरते.

केवळ बंदीचा आग्रह धरून पालकांचे कर्तव्य संपत नाही. एकदा मुलाशेजारी बसून त्याचा खेळ समजून घ्यावा आणि विचारावे, 'यात जिंकण्यासाठी तुला काय करावे लागते?' त्या उत्तरात त्या खेळाचा खरा उपदेश सापडेल.