आडवे जाणाऱ्याचा हिशोब

पावसाळा तोंडावर आला आहे. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा फुगू लागल्या की महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या वर्तमानपत्रांत दरवर्षी एक यादी येते: कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर. हे पूल पाण्याखाली गेले, वाहतूक बंद, पर्यायी मार्गाने जावे. वर्षे उलटतात, नावे तीच राहतात. आपण स्थापत्य अभियंते, सल्लागार, कंत्राटदार ही यादी हवामानाची बातमी म्हणून वाचतो आणि पान उलटतो. वास्तविक ती आपल्याच राहिलेल्या कामाची यादी आहे.

यांतले बरेचसे मुळात पूल नव्हेतच, बंधारे-कम-पूल आहेत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची रचना वाचकांना सांगायला नको. ठरावीक अंतरावर दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांना खाचा, पावसाळा सरला की त्यांत बरगे घालायचे, दोन ओळींमध्ये माती भरायची आणि उन्हाळ्यापर्यंत पाणी अडवायचे. जूनपूर्वी बरगे काढले की नदी मोकळी. वरचा स्लॅब अरुंद, तो बरगे घालणाऱ्या-काढणाऱ्यांच्या सोयीसाठी. तो बुटका ठेवला तोही मुद्दाम, कारण मोठा पूर त्याच्या डोक्यावरूनच जावा असा हिशोब आहे. कठडे नाहीत किंवा नावापुरते आहेत, कारण वाहून आलेली झाडेझुडपे आणि पाचट त्यांत अडकले तर पाण्याचा सारा दाब बंधाऱ्यावर येईल. बंधारा म्हणून हे सगळे चोख आहे. पण लोकांनी पहिल्याच वर्षी त्याचा रस्ता केला. दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली, शाळेची मुले, उसाच्या ट्रॉल्या, माघात चिंचलीच्या मायाक्काला निघालेल्या बैलगाड्या, सगळे त्यावरूनच जातात. आपणही मग अंदाजपत्रकात ‘कम पूल’ असा शब्द घातला आणि ओलांडणाऱ्याची सोय झाली असे मानून घेतले.

गावकऱ्यांची यात काडीची चूक नाही. माणूस कुठे ओलांडतो हे नकाशावर ठरत नसते. वाळवंटातल्या काफिल्यांची वाट विहिरींच्या अंतराने ठरे. नदीची वाट उताराने ठरे, आणि जिथे उतार नाही तिथे नावेने. आपल्याकडे तर पुरात गुऱ्हाळाची काहीलच पाण्यात सोडून माणसे पैलतीरी नेण्याची रीत. शेत त्या काठाला, घर या काठाला, लेक त्या गावात दिलेली. अशा गरजांतून या जागा पक्क्या झाल्या आहेत. म्हणूनच तिथे पूर्ण उंचीचा पूल होत नाही तोवर ‘पूल धोकादायक आहे’ असा फलक लावून जबाबदारी संपत नाही. १५ जून २०२५ रोजी मावळ तालुक्यात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. तो धोकादायक असल्याची सूचना तिथे होतीच. पाणी स्लॅबला टेकण्याआधी दोन्ही टोकांना कुलूप लागेल असा अडसर, खांबावर दिव्याच्या उजेडात वाचता येईल अशी पाणीपातळीची पट्टी आणि अडसर कोणी, कोणत्या पातळीला लावायचा याचा लेखी हुकूम, एवढे तरी हवे. याचा खर्च एखाद्या मोरीच्या दुरुस्तीएवढाही नाही.

सीमेवर अडचण दुपटीने वाढते. मलिकवाड चिकोडी तालुक्यात, दत्तवाड शिरोळ तालुक्यात. नदी एक, पण एका काठाचा प्रस्ताव बंगळूरच्या टेबलावर आणि दुसऱ्याचा मुंबईच्या. वेदगंगेचे पाणी पाटगावच्या धरणातून येते, दूधगंगेचे काळम्मावाडीतून, आणि दोन्ही धरणे महाराष्ट्रात. खालचे बरेच बंधारे-पूल कर्नाटकात. विसर्ग वाढल्याचा निरोप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत फिरत येईपर्यंत पाणी स्लॅबवर चढलेले असते. सीमावाद सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. तो सुटेल तेव्हा सुटेल. तोवर दोन बाजूंच्या शाखा अभियंत्यांनी एकमेकांचे फोन नंबर ठेवायला आणि दोन्ही काठांच्या पातळ्या एकाच जीटीएस बेंचमार्कवरून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा अजून घरांच्या भिंतींवर दिसतात. त्या पुसट होण्याआधी आरएलसकट खांबांवर रंगवून घेतल्या पाहिजेत.

या दोन्ही वर्षी पुणे-बंगळूर महामार्ग निपाणीजवळ यमगर्णीत वेदगंगेच्या पाण्याने बंद पडला. देशातला इतका महत्त्वाचा रस्ता बंद पडतो म्हणून बातमी मोठी होते. आजूबाजूच्या शिवारात मात्र चर्चा वेगळीच असते. उंच भराव पूरपट्ट्यात आडवा घातला, नदीला जायला पात्रापुरतीच जागा ठेवली, की वरच्या अंगाला फुगवटा येणारच. अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर दोन राज्ये वर्षानुवर्षे भांडतात, आणि दारातल्या भरावाचा फुगवटा कोणी मोजत नाही. सहापदरीकरणात मांगूर फाट्यावर भराव नको, खांबांवरचा पूल द्या, ही शेतकऱ्यांची मागणी भावनेची नाही, जलशास्त्राची आहे. पूरपट्ट्यात वाढीव गाळे ठेवले तर खर्च वाढतो, हे खरे. पण भरावापायी बुडणाऱ्या पिकाचा आणि आठवडाभर थांबणाऱ्या वाहतुकीचा खर्च अंदाजपत्रकात धरलाच जात नाही, म्हणून भराव स्वस्त दिसतो.

नदी जशी महामार्गाला आडवी जाते तशी माणसेही जातात. निपाणी परिसरात कुठल्याही फाट्यावर सायंकाळी अर्धा तास उभे राहा. डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई दुभाजकाशी येते, एक पाय वर ठेवते, थांबते, मान वळवायला भारा आड येतो म्हणून सगळे अंगच वळवून पाहते. आता तिचा हिशोब करू. साडेतीन मीटरच्या तीन मार्गिका आणि अडीच मीटरची पक्की बाजूपट्टी मिळून एका अंगाची रुंदी १३ मीटर. आयआरसी:१०३ पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरते, म्हणजे ११ सेकंद. भारा घेतलेल्या पन्नाशीच्या बाईचा वेग ०.८ च्या वर नसतो, म्हणजे १६ सेकंद. ताशी १०० किलोमीटरने येणारी मोटार तेवढ्यात सुमारे साडेचारशे मीटर कापते. एवढी मोकळी फट या रस्त्यावर सायंकाळी कधी मिळते? आणि वळणावर किंवा तवंदी घाटाच्या उतारावर साडेचारशे मीटर दिसते तरी का? अंडरपास एक-दीड किलोमीटरवर असेल तर ती तिकडे जाणार नाही. तिने जावे असे म्हणण्याचा अधिकारही आपल्याला नाही, कारण शेत आणि घर आधीपासून तिथेच होते, रस्ता नंतर आला. शिवाय साडेतीन-चार मीटर उंचीच्या अंडरपासात उसाची रचलेली ट्रॉली छताला घासते आणि पावसाळ्यात तळाशी गुडघाभर पाणी साचते, ही तर रोजची गाऱ्हाणी.

रूळ ओलांडणाऱ्याचीही हीच गत. निपाणीला रेल्वे नाही. बेळगावला आहे, आणि टिळकवाडीचे पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट हे शहराचे पत्ते होऊन बसले आहेत. ब्रॉडगेजवरची रखवालदार नसलेली सारी फाटके जानेवारी २०१९ अखेर बंद झाली, ही देशाच्या पातळीवरची मोठी कामगिरी, तिचे श्रेय रेल्वेच्या अभियंत्यांना दिलेच पाहिजे. आता रखवालदारांच्या फाटकांच्या जागी उड्डाणपूल येत आहेत. दिवसाकाठच्या गाड्या आणि वाहने यांचा गुणाकार, म्हणजे टीव्हीयू, एक लाखावर गेला की पुलाचा हक्क पोचतो. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर रुळांपासून साडेसहा मीटर मोकळी उंची, वर गर्डरची जाडी, म्हणजे रस्ता आठ मीटर वर. ३० ला १ चढ धरला तर दोन्ही अंगांना २४० मीटरचे पोचमार्ग. मोटारीला हे अर्धा मिनिट. पण गेट कायमचे बंद झाल्यावर रुळांपलीकडच्या दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्याला दहा मीटरसाठी किमान अर्धा किलोमीटर. तो काय करतो ते आपण सारे जाणतो: वाकून रुळांवर शिरतो. पुलाच्या पायथ्याशी जिना आणि उताराचा पादचारी भुयारी मार्ग मूळ आराखड्यातच हवा. ‘पुढील टप्प्यात’ असे लिहिलेले काम सहसा होत नाही.

बंधारा, महामार्ग, फाटक, तिन्ही ठिकाणी दोष एकच आहे. आपण लांबीच्या दिशेने जाणाऱ्याची मोजणी करतो. वाहतूक सर्वेक्षणात मोटारी, ट्रक, ट्रॅक्टर प्रकारवार मोजले जातात, आडवे जाणारे पादचारी, सायकली, गुरे बहुतेक फॉर्मांत नसतात, आणि असले तरी गळीत हंगाम सोडून भलत्याच महिन्यात मोजलेले असतात. जे मोजलेच नाही त्यासाठी निधी मागता येत नाही.

म्हणून वाचकांना विनंती आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी, कागल, शिरोळ, जिथे आपले काम चालू आहे तिथली ओलांडण्याची एक जागा निवडा. सकाळी दोन तास आणि सायंकाळी दोन तास आडवे जाणारे मोजा: माणसे, मुले, भारे, गुरे, सायकली. बंधारा-पूल असेल तर स्लॅबची आणि पूरखुणेची आरएल घ्या. गळीत हंगामात तीच मोजणी पुन्हा करा. आकडे आणि जागेचा साधा हातनकाशा आमच्याकडे पाठवा. दोन्ही राज्यांतले आकडे एकाच तक्त्यात छापू, आणि तो तक्ता दोन्ही बाजूंच्या सार्वजनिक बांधकाम खात्यांना, महामार्ग प्राधिकरणाला आणि रेल्वेला आम्ही स्वतः नेऊन देऊ.