बोटीत बसण्याआधी परतीची वेळ सांगा

नर्मदाकाठच्या, मोलगी आणि अक्कलकुवा परिसरातल्या बंधुभगिनींनो, नावाडी दादांनो, आणि कामासाठी सुरत-बारडोलीकडे गेलेल्या त्यांच्या घरच्यांनो,

संक्रांत तोंडावर आली आहे. नर्मदास्नानाला, पूजेला, सोयऱ्यांकडे जायला मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, बामणी, डनेल, मुखडी या गावांतून बोटी निघतील. त्या निघण्याआधी एक विनंती ऐका. बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाने काठावरच्या एका माणसाला सांगून बसावे: मी अमुक बोटीने, अमुक ठिकाणी चाललो आहे, आणि अमुक वाजेपर्यंत माझा निरोप आला नाही तर शोध सुरू कर.

घाई कशाची, असे वाटेल. आपल्याकडे फोन न लागणे इतके नित्याचे झाले आहे की त्याची भीतीच उरलेली नाही. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत फोनवर सापडला नाही, तर घरचे म्हणतात, रेंज नसेल. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण बोट बंद पडून वाहत गेली, उलटली, तरीही घरी ऐकू येणार तेच: संपर्क क्षेत्राच्या बाहेर. सुखरूप असलेल्याचा आणि संकटात सापडलेल्याचा फोन सारखाच बंद लागतो. म्हणून फोनच्या भरवशावर राहू नका, घड्याळ लावून घ्या.

१५ जानेवारी २०१९, संक्रांतीचाच दिवस. शेजारच्या धडगाव तालुक्यात भुषा येथे नर्मदेत बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती. किमान सहा जणांचा जीव गेला. तिथे पाहणारी माणसे जवळ होती, म्हणून बाकीच्यांना बाहेर काढता आले. हीच बोट एखाद्या आडवळणाच्या खाडीत, दोन डोंगरांच्या मध्ये उलटली असती तर? १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईच्या बंदरात घारापुरीला जाणारी ‘नीलकमल’ नौदलाच्या बोटीच्या धडकेने बुडाली. भोवती नौदलाच्या, बंदराच्या, पोलिसांच्या बोटी होत्या, त्या लगेच धावल्या आणि बहुतेक प्रवासी वाचले. तरीही १५ जण गेले. आपल्या पाण्यावर भोवती कोण असते?

कुणीतरी जागे राहून लक्ष ठेवावे लागते, हा धडा मोठ्या जहाजांनी फार महागात घेतला. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडत असताना तिच्या बिनतारी यंत्रावरून मदतीच्या हाका जात होत्या. ‘कॅलिफोर्नियन’ नावाचे जहाज जवळच होते, त्यावरही यंत्र होते. पण ते चालवणारा एकुलता एक माणूस झोपायला गेला होता. त्यानंतर १९१४ मध्ये लंडनला देशांचा करार झाला आणि त्यात जहाजांवर चोवीस तास यंत्र ऐकत बसायचा नियम लिहिला गेला. हाक मारणारे यंत्र होतेच, कमी होता तो जागा माणूस. आज मुंबईहून गोव्याला क्रूझने जाणारा प्रवासी काही तासांत मोबाईलच्या टप्प्याबाहेर जातो, पण त्याचे जहाज कुठे आहे यावर किनाऱ्यावरून कुणाची तरी नजर असते. आता आपल्याकडे बघा. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांची बातमी २०२० मध्ये देशभर गेली. बाळांची वजने घ्यायला आणि गरोदर बायांना तपासायला त्या १८ किलोमीटर होडी वल्हवत होत्या. कौतुक सगळ्यांनी केले. ही बाई अंधार पडायच्या आत परतली का, हे बघायला काठावर माणूस नेमावा, असे सुचवणारे मात्र फारसे कुणी दिसले नाही.

तर काठावरचा माणूस आधी ठरवा. तो वयस्कर चालेल, फोन नसलेलाही चालेल, फक्त वेळ झाल्यावर उठून सांगत सुटणारा हवा. वेळ टळली की आधी अर्धा तास बघू, मग बघू, असे करू नका. दुसरी बोट पाठवा, टेकडीवर जिथे रेंज येते तिथे पोरगा पिटाळा आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक लावा. माणूस मागाहून हसत आला तर येऊ दे. उगाच धावपळ केली म्हणून कुणाला बोल लावायचा नाही, हे गावाने आधीच ठरवून टाकावे. नाहीतर पुढच्या वेळी लाजेखातर कुणी हलणार नाही.

बोटीत असताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून वरच्या खिशात ठेवा. रेंज नसलेल्या ठिकाणी फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी उतरते, म्हणून विमान मोडवर टाका. वळण ओलांडून पाणी मोकळे झाले की चालू करून बघा. बोलणे जमत नसेल तर साधा मेसेज पाठवा. आवाज पोहोचत नाही तिथून कधी कधी चार अक्षरे निघून जातात. ११२ ला आपल्याच कंपनीची रेंज लागते असे नाही, जो टॉवर सापडेल त्यावरून तो लागू शकतो. पण समोरचा काठ गुजरात किंवा मध्य प्रदेशाचा आहे. तिकडच्या टॉवरने फोन पकडला तर बोलणारा तिकडचा असू शकतो. पहिल्याच वाक्यात सांगा: महाराष्ट्र, नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, आणि गावाचे नाव.

नावाडी दादांनो, तुमच्याकडे वही हवी. किती माणसे, किती पोरे, कुठून कुठे, किती वाजता. वहीचे पान घाटावर ठेवून जा. ती बोटीतच राहिली तर बोटीबरोबर बुडेल. लाइफ जॅकेट कमी असतील तर माणसेही तेवढीच घ्या.

आता प्रशासनाला. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली, त्यांतली ९ अक्कलकुव्याची आणि २४ अक्राणीची, म्हणजे धडगाव तालुक्याची. रस्ता पाण्याखाली गेला म्हणून लोक बोटीत बसतात, हौसेने नव्हे. देशातले पहिले आधार कार्ड २०१० मध्ये याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. ज्याला क्रमांक दिला त्याला फोन लागावा, एवढे मागणे जास्त नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, देशातल्या २४,६८० गावांपर्यंत ४जी नेण्यासाठी. आपली कोणती गावे त्या यादीत आहेत आणि तिथला टॉवर आज कोणत्या अवस्थेत आहे, हे तहसील कार्यालयाने फलकावर लावावे. डोंगराच्या आड टॉवरची लहर पोहोचत नाही. तिथे घाटावर आणि आरोग्य खात्याच्या बोटीवर बिनतारी संच द्यावा. उपग्रह फोन भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही, त्यामुळे तो द्यायचा तर सरकारनेच.

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे. घाटावरची वही, काठावरचा माणूस, बिनतारी संच आणि टॉवरची यादी, चारही गोष्टींचा ठराव लिहून घ्या, सह्या-अंगठे घ्या आणि पोच घेऊन तहसीलदारांना द्या. पण संक्रांत त्याआधी आहे. ज्यांच्या घरचे कुणी या आठवड्यात बोटीने जाणार आहे, त्यांनी आज रात्री जेवतानाच विचारावे: किती वाजता परतणार, आणि आला नाहीस तर मी कुणाला उठवू?