कैरोला एकच दिवस?

टूरवाल्याने पाठवलेल्या कार्यक्रमात कैरोच्या वाट्याला जेमतेम एक दिवस आलाय. सकाळी पिरॅमिड, दुपारी संग्रहालय, मध्ये अत्तराच्या दुकानात सक्तीचा थांबा. मला हे अजिबात पटत नाही.

पिरॅमिड बघायचेच, पण ते गिझात, नाईलच्या पश्चिमेला. नवं भव्य संग्रहालयही तिथेच, आणि तुतनखामूनचा खजिना आता तहरीर चौकातून तिकडे हलवलाय. म्हणजे एवढंच करून परतलात तर फातिमी खलिफांनी 969 साली वसवलेलं शहर बघितलंच नाही म्हणायचं!

मला हवाय तो त्या जुन्या शहरातला मुइझ रस्ता. बाब अल-फुतूह या वेशीतून शिरायचं आणि थेट बाब झुवेलापर्यंत पायी जायचं. वाटेत सुलतान कलावूनचा मकबरा, थोडं आत अल-अझहर मशीद, बाजूला कादंबरीकार नजीब महफूझ जन्मले ती गमालिया. यातलं बसच्या खिडकीतून काय दिसणार? इब्न तुलूनची मशीद तर फातिमींच्याही आधीची, 879 सालची. तिच्या मिनारचा जिना बाहेरून वळसे घेत चढतो. (गुडघे कुरकुरले तरी मी चढणार.) फक्त हा भाग शुक्रवारी दुपारी ठेवू नये, तेव्हा मशिदींत जुम्याची नमाज असते.

जेवणाची काळजी तर सोडाच. भात, मसूर, मॅकरोनी, वर टोमॅटोचा रस्सा आणि तळलेला कांदा अशी कोशरी तिथे गल्लोगल्ली मिळते. शाकाहारी आहे, पोटभरीची आहे. ठेप्यांची चळत घरी ठेवली तरी चालेल.