माडीची खिडकी पाहा, मगच इसार द्या

मुलांच्या शिक्षणासाठी बाजाराच्या गावी घर घेणारे शेतकरी बांधव उतारा बघतात, बोअरचं पाणी बघतात. माडीची खिडकी कुणी बघत नाही. जिना एकच, खाली गॅस सिलिंडर, वर खिडकीला भिंतीत पक्कं बसवलेलं ग्रिल. आग लागून जिन्यात धूर कोंडला, तर पोराबाळांनी उतरायचं कुठून?

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा. बांधकाम नियमात आहे, असं त्यावरून ठरत नाही. मंजूर नकाशा मागा, खिडक्या त्याच्याशी ताडून पाहा. विकणारा टाळाटाळ करील, तर इसार देऊ नका.

घर घेऊन झालं असेल, तर निदान एका खिडकीचं ग्रिल आतून कडीनं उघडणारं करून घ्या, कुलूप नको. पदाधिकाऱ्यांनीही नोंद घालण्याआधी माडी चढून बघावी. चोराच्या भीतीनं स्वतःलाच कोंडून घेणं, हे शहाणपण नव्हे.